शाफ्टला नख लावून बघा

(स्नेहमेळाव्यात 'माझा व्यवसाय आणि मी' या सत्रात केलेलं भाषण)



माझ्या आधी डॉक्टर बोलले, बँकेतली मैत्रीण बोलली, सैन्यातून निवृत्त झालेला मित्र बोलला. त्यांचं ऐकून छाती भरून आली. आणि आता तुमच्यासमोर उभा आहे तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेअरिंग आणि ऑइल सील विकणारा दुकानदार. माझ्या मालाची गंमत अशी, की तो चांगला चालला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गळायला लागला की मगच आठवण येते. शाळेत माझं तसंच होतं. फळ्यावर नाव यायचं ते फक्त 'बोलणारी मुलं' या यादीत.

माझ्या खिशात हे एक सील आहे. मागच्यांना दिसणार नाही, पण प्रत्येकानं याचा भाऊबंद घरात पाहिलाय. लहानपणी स्टोव्हला पंप मारताना हवा धरेनाशी झाली की आई काय करायची? पंपाचा दांडा बाहेर काढायची, त्याच्या टोकाच्या चामड्याच्या वायसरला खोबरेल लावायची, तो बोटानं फाकवायची आणि परत बसवायची. त्या वायसरचं काम हवा अडवायचं. माझ्या सीलचं काम तेल आत ठेवायचं आणि धूळ-पाणी बाहेर ठेवायचं. फरक एवढाच, की याच्या मधोमध एक शाफ्ट मिनिटाला शेकडो वेळा फिरत असतो.

ऑइल सीलही आधी चामड्याचंच होतं. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग नावाचा चामडं कमावणारा कारखाना होता. तिथल्या वॉल्टर सिमर या इंजिनिअरनं पत्र्याच्या कड्यात चामड्याची कड बसवून शाफ्टसाठी सील तयार केलं. पुढं चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. कोल्हापुरी पायताणाच्या गावात बसून मी ज्या वस्तूवर पोट भरतो, तिचा उगमही चामड्याच्या धंद्यातला. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण आज मी कौतुक सांगायला उभा नाही. एक चूक सांगायला उभा आहे. ती ज्याच्या बाबतीत केली तो आपल्याच वर्गातला आहे, आणि आत्ता दुसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं नाव घेणार नाही, त्याला आवडायचं नाही. तुम्हाला कळेलच.

दुकान सुरू करून मला दीड-दोन वर्षं झाली होती. या मित्राचं पंचगंगेच्या काठी गुऱ्हाळघर होतं. १९९७ च्या सुरुवातीची गोष्ट, हंगाम ऐन भरात. चरकाच्या गिअरबॉक्समधून मोटरच्या बाजूनं तेल गळायला लागलं. त्यानं जुनं सील काढून एका पोराबरोबर माझ्याकडं पाठवलं. सीलवरचे आकडे झिजून गेले होते. मी काउंटरवरच व्हर्नियर लावला, ४५-६२-८ असं माप काढलं आणि रॅकमधून एक सील उचलून दिलं. जुन्या सीलला दोन लिप होत्या. तेल धरणारी आतली, आणि धूळ अडवणारी बाहेरची छोटी. माझ्याकडं दोन लिपचं संपलं होतं, एकच लिपचं शिल्लक होतं. पोरगं म्हणालं, "मालकांनी असंच आणायला सांगितलंय." मी म्हणालो, "माप तेच हाय, काय फरक पडत न्हाई."

चार दिवसांनी मित्र स्वतः आला. "परत गळतंय रं." मी तेच सील पुन्हा दिलं आणि वर म्हणालो, "बसवताना चुकलं असंल तुझं. सरळ बसलं न्हाई." तो काही बोलला नाही. सील घेतलं, पैसे ठेवले आणि गेला.

ते दुसरं सील दोनच दिवस टिकलं. तो तेलाची वर भर टाकत चरक चालवत राहिला. आदण चालू असताना काहील कुणी थांबवत नाही. एका रात्री भर टाकायची राहिली. पहाटे गिअरबॉक्सचा आवाज बदलला आणि दहा मिनिटांत बेअरिंग जाम झालं. गिअरचे दात गेले. नवीन गिअर कापून, बेअरिंग घालून चरक फिरायला नऊ दिवस लागले. ज्यांचा ऊस तोडून पडला होता त्यांनी तो दुसऱ्या गुऱ्हाळावर नेला. तोडलेला ऊस थांबत नाही, वजन घटतं आणि गूळ बिघडतो. गुळव्याला आणि माणसांना बसवून पगार द्यावा लागला. आणि हे सगळं झालं पस्तीस रुपयांच्या सीलपायी.

नाही, चुकलो. सीलपायी नाही, माझ्यापायी. ते मला कळलं गिअरबॉक्स खोलताना. उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मी बरोबर नेलं होतं. त्यांनी सीलकडं पाहिलंच नाही. फडक्यानं शाफ्ट पुसला, सील जिथं बसतं तिथं अंगठ्याचं नख आडवं फिरवलं, आणि माझा हात धरून माझंही नख तिथं लावलं. नख अडकलं. जुन्या सीलच्या लिपनं शाफ्टवर गोल खाच पाडली होती.

मग त्यांनी गिअरबॉक्सच्या डोक्यावरचा ब्रीदर काढला. म्हणजे हवा आत-बाहेर जायचं छोटं बोंडूक. चिपाडाचा भुसा आणि तेल मिळून त्याची भोकं लिंपली गेली होती. मिस्त्री म्हणाले, "ह्याला श्वासच घेता येत न्हवता. तेल दुसरं कुठनं जाणार?"

आतलं तेल तापलं की हवा फुगते. तिला वाट मिळाली नाही तर ती सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलते. साधं सील दाबासाठी बनवलेलंच नसतं. त्याला पाव-अर्धा बार दाब म्हणजे डोक्यावरून पाणी. तर असा हिशेब झाला. शाफ्टला खाच, ब्रीदर बंद, आणि भुशानं भरलेल्या जागी मी दिलेलं धुळीची लिप नसलेलं सील. असल्या जागी जगातलं सगळ्यात महाग सीलही टिकलं नसतं. आणि मी माझ्या मित्राला म्हणालो होतो, "बसवताना चुकलं असंल तुझं."

त्या दिवसानंतर माझ्या काउंटरवर नुसतं माप बघून सील जात नाही. गिऱ्हाईक आलं की मी सहा प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी कुणाची शेती आहे, कुणाची गिरणी, कुणाचा छोटा कारखाना, म्हणून तेच आज सांगतो.

पहिला प्रश्न मापाचा. माप घ्यायचं ते शाफ्टचं आणि घराचं, म्हणजे हाउसिंगचं. जुन्या सीलचं नाही. सीलची लिप मोकळी असताना शाफ्टपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर लहान असते, म्हणून तर ती शाफ्टला धरून राहते. झिजलेली लिप आणखी भलतंच माप दाखवते. बाहेरचा व्यासही घरापेक्षा किंचित मोठा असतो, नाहीतर सील घट्ट बसणार कसं? आणि जुन्या इंग्रजी मापाच्या यंत्रांना सावध राहा. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. 'पंचेचाळीसच आहे' म्हणून ४५ चं सील घातलंत तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक ओठावर येतो. व्हर्नियरचा मुख्य आकडा आणि बारीक आकडा वेगळा वाचायला आपल्याला तांत्रिक विषयाच्या सरांनी शिकवलं. सर इथं बसलेत. सर, तेव्हा तुमची छडी खाल्ली, आता त्याच आकड्यावर घर चालतं.

दुसरा प्रश्न, आत काय आहे? साधं गिअर ऑइल, ग्रीस, डिझेल, पाणी की ब्रेक ऑइल? खनिज तेलाला काळं नायट्राइल रबर चांगलं. वाहनाच्या नेहमीच्या ब्रेक ऑइलला मात्र वेगळं रबर लागतं, ई.पी.डी.एम. आणि तेच ई.पी.डी.एम. इंजिन ऑइलमध्ये टाकलं तर पुरीसारखं फुगतं. दोन्ही रबरं काळीच. रंगावरून ओळखता येत नाहीत.

तिसरा प्रश्न, किती तापतं? नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंत चालतं. त्याच्या वर ॲक्रिलिक रबर, ते दीडशेच्या आसपास जातं. त्याच्याही वर ज्याला बाजारात 'व्हायटन' म्हणतात ते, सुमारे २०० पर्यंत. पण एक लक्षात ठेवा. तेलाचं तापमान ८० असलं तरी लिप जिथं घासते तिथं ते वीस-तीस अंशांनी जास्त असू शकतं. म्हणून काठावरची निवड करू नका. आणि 'तपकिरी म्हणजे व्हायटन' हे खरं नाही. तपकिरी नायट्राइल मिळतं आणि काळं व्हायटनही मिळतं. काही जण काडी लावून जाळून बघतात. ते अजिबात करू नका. व्हायटन फार तापलं की त्यातून विषारी वायू निघतो. एखादं यंत्र जळालं असेल तर आतल्या करपलेल्या सीललाही उघड्या हातानं शिवू नका.

चौथा प्रश्न, किती वेगानं फिरतं? इथं आपल्या गणिताच्या बाईंची आठवण येते. परीघाचं सूत्र आयुष्यात कुठं लागणार, असं मी त्यांना विचारलं होतं. बाई, लागलं. नुसते फेरे सांगून भागत नाही, ओठाखालून शाफ्टचा पृष्ठभाग किती वेगानं सरकतो ते बघावं लागतं. व्यास गुणिले पाय, गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६०. ४५ मिलिमीटरचा शाफ्ट ७२० फेऱ्यांनी फिरला तर सेकंदाला साधारण १.७ मीटर, म्हणजे आरामाचं काम. ८० मिलिमीटरचा शाफ्ट २९०० फेऱ्यांनी फिरला तर १२ मीटर. तिथं साधं नायट्राइल त्याच्या मर्यादेला टेकतं. वेग वाढला की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की उष्णता, आणि तिसरा प्रश्न परत समोर येतो.

पाचवा प्रश्न दाबाचा. ब्रीदर साफ आहे का? तेल पातळीपेक्षा जास्त तर भरलं नाही ना? आत पंपाचा दाब येत असेल तर साधं सील चालणार नाही, दाबाचं वेगळं मागा.

सहावा प्रश्न, बाहेर काय आहे? धूळ, भुसा, चिखल, पाणी असेल तर दोन लिपचं सील घ्या. बाजारात त्याला टी.सी. म्हणतात, एक लिपचं ते एस.सी. एका अक्षराचा फरक. माझ्या मित्राला तो नऊ दिवसांना पडला.

या सहाही प्रश्नांची उत्तरं बरोबर आली तरी सील बसवण्याआधी शाफ्टला नख लावायचं. रबर मऊ असून लोखंडाला खाच कशी पाडतं, असं मला नेहमी विचारतात. धुळीचे बारीक कण लिपमध्ये रुतून बसतात आणि ती लिप मग कानशीसारखं काम करते. नख अडकलं तर तीन वाटा. खाच उथळ असेल आणि जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढं-मागं बसवा, म्हणजे लिप कोऱ्या जागी येते. नाहीतर शाफ्टवर चढवायची पातळ तयार बाही मिळते, ती बसवा. तीही नसेल तर लेथवर घेऊन बुश चढवून घासून घ्या. घासताना पॉलिश पेपर शाफ्टच्या लांबीकडं सरकवू नका. त्यानं आट्यासारख्या तिरक्या रेघा पडतात, आणि शाफ्ट फिरताना त्या रेघा स्क्रूसारखं तेल बाहेर ओढतात. डोळ्यांना चकचकीत दिसतं, आणि तरी गळतं.

शाफ्ट हातानं हलवूनही बघा. बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट नाचतो. नाचणाऱ्या शाफ्टला सील किती धरणार? आधी बेअरिंग, मग सील.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडं. लिपला तेल लावा, दोन लिपच्या मधल्या फटीत थोडं ग्रीस भरा. कोरडं सील पहिल्याच मिनिटात करपतं. शाफ्टवर चावीचा गाळा असेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर ती धार ओठ कापते. सील सपाट ठोकळ्यानं सगळीकडून सारखं दाबत न्या, एका कडेला हातोडी नको. आणि दुकानदारांनो, सील तारेत ओवून खिळ्याला टांगू नका. ओठ वेडावाकडा होतो. ऊन लागू देऊ नका. नायट्राइलचं सील नुसतं ठेवलं तरी सात वर्षांनी ते म्हातारं धरायचं.

शेवटचं, आणि सगळ्यात कामाचं. जुनं सील फेकू नका. ते बोलतं. ओठ पापडासारखा कडक होऊन तडकला असेल तर उष्णता किंवा कोरडेपणा. मऊ होऊन फुगला असेल तर रबर त्या तेलाचं नाही. एकाच बाजूनं झिजला असेल तर शाफ्ट आणि घर एका रेषेत नाहीत. ओठ उलटा दुमडला असेल तर आत दाब होता किंवा बसवताना दुमडला. बारीक चीर असेल तर चावीच्या गाळ्यानं कापलं. त्या पोरानं आणलेल्या सीलनं मला सगळं सांगितलं होतं. त्याच्या ओठात चिपाडाचा भुसा रुतलेला होता. मी फक्त माप वाचलं.

आता घरातलंही सांगतो, नाहीतर मैत्रिणी म्हणतील आमच्या कामाचं काहीच नाही. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा पिळतानाचा आवाज एकदम घरघरायला लागला, खाली थेंब थेंब पाणी दिसायला लागलं, तर बऱ्याचदा मागचं सील गेलेलं असतं आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरलेलं असतं. मेकॅनिक नुसतं बेअरिंग बदलतो म्हणाला तर म्हणा, सीलही बदल, आणि शाफ्टला नख लावून बघ. तो चमकून बघेल तुमच्याकडं.

आता त्या मित्राचं राहिलंय.

चरक चालू झाल्यावर मी पैसे घेऊन त्याच्याकडं गेलो होतो. त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "गिअरबॉक्सच जुना झालता रं, कधीतरी जाणारच हुता." गावातही त्यानं सगळ्यांना हेच सांगितलं. माझ्या दुकानाचं नाव कुणापुढं काढलं नाही. तेव्हा काढलं असतं तर दीड वर्षाचं माझं दुकान बसलं असतं, हे त्याला माहीत होतं. पुढच्या हंगामाला सगळ्या बेअरिंगा-सीलांची यादी घेऊन तो माझ्याच दारात आला. ती दुरुस्ती त्यानं कशातून भागवली ते मला बारा वर्षांनी वहिनींकडून कळलं, तेही बोलण्याच्या ओघात. दोन दुभत्या म्हशी विकल्या होत्या.

मी त्याची माफी कधी मागितली नाही. दुरुस्तीला गेलो, पैसे न्यायला गेलो, लग्नकार्याला गेलो, पण 'बसवताना तुझं चुकलं नव्हतं, निवडताना माझं चुकलं' हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही. माणसाचं असं असतं. पैसे द्यायला हात पुढं होतो, चूक कबूल करायला जीभ होत नाही. संयोजकांनी भाषणाला बोलावलं तेव्हा वाटलं, ज्या वर्गात आपण एकत्र बसलो त्याच वर्गासमोर हे सांगावं. तर मित्रा, तुझं बसवताना काही चुकलं नव्हतं. सील तू सरळच बसवलं होतंस. चूक माझी होती.

अरे, हात हलवू नकोस, बस खाली. मला बोलून तर पूर्ण करू दे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला माप घ्यायला शिकवलंत, सूत्र शिकवलंत. आकडा बरोबर आला तरी उत्तर चूक असू शकतं, हे मात्र मी एका गुऱ्हाळात शिकलो. तिथं मला गुरू दोन मिळाले, एक म्हातारे मिस्त्री आणि एक शेवटच्या बाकावरचा हा मित्र.

कुणाला कधी सील लागलं तर दुकान आपलंच आहे, रविवारी बंद असतं. येताना जुनं सील फडक्यात गुंडाळून आणा. पुसू मात्र नका, त्याच्यावर काय साठलंय ते मला बघायचं असतं. आणि निघण्याआधी शाफ्टला एकदा नख लावून या.